बोटीत दुसरं माणूस

केलर्स क्रीक, अलाबामा
११ ऑगस्ट

तीर्थरूप हॉईटकाका यांना पुतणी डेलनीचा नमस्कार. नदीनकाकूंना सांगावा, आणि तुमच्या नव्या बोटीलाही सांगावा. आमच्या घरात तिच्याबद्दल बरं बोलायची पद्धत नसली तरी माझं तिच्याशी काही भांडण नाही. तुमची तब्येत कशी आहे? काकूंचा रक्तदाब कसा आहे? त्यांनी पाठवलेलं हिरव्या टोमॅटोचं लोणचं पोचलं आणि संपलंही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (बाबांच्या बाबतीत खुशाल म्हणजे काय, ते पुढे येईलच). पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की मी पदवीधर झाले तेव्हा तुम्ही पाठवलेल्या टेबलदिव्याचे आभार मानायचे राहिले होते. आभार. आपल्या घरात पदवी पहिल्यांदाच आली, त्यामुळे अशा वेळी काय द्यायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आईच्या माहेरच्यांनी मिळून तीन इस्त्र्या दिल्या. त्या मानाने दिवा फारच विचारपूर्वक होता.

एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं, पण या उन्हाळ्यात बाबांच्या बोटीत तुमच्या जागेवर बसून मी काय काय केलं, ते तुम्हाला धक्क्यावरच्या लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

एप्रिलमध्ये बाबा शाळेच्या बस डेपोत चक्कर येऊन पडले, हे आईने काकूंना फोनवर सांगितलं होतंच. डॉक्टरांनी हृदयावर उपचार केले, मीठ बंद केलं आणि निघता निघता सांगितलं की पाण्यावर एकट्याने जायचं नाही. कधीच नाही. मीठ बाबांनी सोडलं. दुसऱ्या गोष्टीवर मात्र त्यांनी वाद घातला, की बास मासे पकडणारा माणूस एकटा असतोच कुठे, समोर मासा असतो. आईने वाद घातला नाही. तिने बोटीच्या मोटरची किल्ली काढून घेतली आणि जाहीर केलं की बोटीत दोन माणसं दिसली तरच किल्ली मिळेल. पहिल्या आठवड्यात बाबांनी कुत्र्याला बोटीत बसवून किल्ली मागितली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बर्फाच्या मोठ्या पेटीला लाइफ जॅकेट घातलं, वर तुमची राहिलेली टोपी ठेवली, पेटी मागच्या बाजूला बसवली आणि लांबूनच आईला हात केला. आईने ओसरीवरून नीट पाहिलं आणि म्हणाली, "हॉईटभावजींपेक्षा कमी बोलतोय, पण किल्ली नाही." त्यानंतरचे पाच आठवडे बाबा अंगणातच, ट्रेलरवरच्या बोटीत बसून, वीस पावलांवरच्या बादलीत गळ टाकत होते. मी शेवटची परीक्षा देऊन घरी आले तेव्हा हेच दिसलं. त्यांचा नेम एकदाही चुकत नव्हता, काका, आणि तेच मला बघवेना. सामान हातात असतानाच मी म्हणाले, मी येते बोटीत.

मला वाटलं होतं, मी चार वर्षं गोड्या पाण्यातल्या जीवांचा अभ्यास केला आहे, तर निदान माशांच्या बाजूने तरी मला काही कळत असेल. मी एक वही केली. तीत पाण्याचं तापमान, वारा, ढग, खोली, आमिषाचा रंग असे रकाने आखले. बाबांनी वही चाळली आणि मासा हा रकाना कुठे आहे असं विचारलं (तो खरंच राहिला होता). पण मी हिंमत सोडली नाही, कारण बाबांच्या पद्धतीत मला फार मोठं तत्त्व दिसत होतं. तुम्हाला माहीतच आहे, हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरवलं की ते चिखलात फिरून बुडख्यांना अडकलेली लोकांची आमिषं गोळा करतात आणि त्यालाच दुकानात जाऊन येतो म्हणतात. रबरी अळीचे दोन तुकडे झाले तर लायटरने वितळवून जोडतात. अर्धी जांभळी आणि अर्धी हिरवी अशी एक अळी आहे, तिला तर तीन ठिकाणी जोड आहेत. जग टिकवायचं असेल तर माणसांनी असंच जगायला हवं, असं मी त्यांना जवळजवळ एक पूर्ण सकाळ समजावून सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी आईला विचारलं की पोरगी आपल्याला कंजूष म्हणते आहे का.

बुचाची गोष्ट तुमच्यापर्यंत आली असेल, तरी खरी हकिकत अशी. बोट पाण्याबाहेर काढली की तळाचं बूच काढून सगळं पाणी सांडून टाकायचं, म्हणजे एका तळ्यातली पाणवेल दुसऱ्या तळ्यात जात नाही, यावर माझी श्रद्धा आहे. म्हणून पहिल्याच दिवशी बोट बाहेर काढल्यावर मी बूच काढलं आणि हरवू नये म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं. शिवाय काही विसरू नये यासाठी एकतीस कलमांची यादी करून तिला प्लॅस्टिकही लावून घेतलं. दुसऱ्या शनिवारी धक्क्यावर मागे सहा गाड्या खोळंबलेल्या असताना मी बोटीत उभी राहून यादी मोठ्याने वाचली. चौथं कलम, बूच. मी खिशातून बूच काढलं, मागच्या लोकांना दाखवलं, पाणवेलीबद्दल दोन वाक्यं बोलले, आहे म्हणून खूण केली आणि परत खिशात ठेवलं. मागून कोणीतरी म्हणालं, वाचून झालं की आमेन म्हणा, म्हणजे आम्हाला कळेल. बाबांनी बोट पाण्यात सोडली आणि ते गाडी लावायला गेले. मी एकोणिसाव्या कलमावर असताना माझे मोजे ओले झाले. बाबा गाडीपासून पळत येताना दिसले (पळायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, म्हणून मी त्यांना आधी थांबायला सांगितलं).

"डेलनी, बूच कुठंय?"

"काळजी करू नका बाबा, माझ्याकडे सुरक्षित आहे."

बोट बुडाली नाही. त्या सहा गाड्यांतल्या सगळ्यांनी मिळून ती ओढून वर घेतली, आणि तेव्हापासून मी धक्क्यावर दिसले की अनोळखी लोकसुद्धा टोपी काढून आमेन म्हणतात.

गळ टाकायलाही मी शिकले. जूनमध्ये मी बाबांची टोपी दोनदा, त्यांच्या पँटचा मागचा खिसा एकदा आणि एक बगळा जवळजवळ पकडला. बाबा चिडत नाहीत. ते फक्त म्हणतात, हॉईटने एकदा माझा कान पकडला होता. जाळी उलटी धरली की म्हणतात, हॉईटही अशीच धरायचा. मोटर चालू होईना की म्हणतात, हॉईट तिला शिव्या द्यायचा, तिला त्याची सवय आहे. पुढची विजेची मोटर आता फक्त डावीकडे वळते, म्हणून उजवीकडे जायचं तर आम्ही पूर्ण गोल फिरतो, आणि त्या प्रत्येक गोलात तुमची एक गोष्ट मावते. वहीत मी शेवटी हाही रकाना काढला. जूनमध्ये एका फेरीला सरासरी नऊ वेळा तुमचं नाव आलं. जुलैमध्ये चौदा. त्याच काळात मासे सरासरी दोन. (तुमच्या नव्या बोटीचा आणि तिच्यातल्या मासे शोधायच्या पडद्याचा विषयही एकदा निघाला. पडद्यावर मासे बघायचे तर घरी टीव्ही आहे, हे त्यांचं दोन वर्षांपूर्वीचं, तुमचं बिनसलं तेव्हाचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं, पण या वेळी मनापासून नव्हतं.)

आता जुन्या बोटींच्या शनिवाराबद्दल, म्हणजे जुलैतल्या मासेमारीच्या स्पर्धेबद्दल. तुम्ही दोघांनी लागोपाठ नऊ वर्षं दुसरा नंबर मिळवला आणि मग दोन वर्षं बाबा गेलेच नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. नियम अजून तेच आहेत: बोट तीस वर्षांच्या वरची (तुमच्या नवीला अजून अठ्ठावीस वर्षं थांबावं लागेल), मासे शोधायचे पडदे नाहीत, बोटीत दोन माणसं, पाच मासे, आणि मासे जिवंतच वजनाला आणायचे. यंदा पहिल्या नंबराला खारवून धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी होती. ती बाबांना चालत नाही, तरी त्यांनी ती कुठे टांगायची हे ठरवून ठेवलं होतं.

साडेनऊपर्यंत आमच्याकडे चार मासे होते, मध्यमसे. मग एका पडलेल्या झाडाच्या फांद्यांत बाबांनी ती तीन जोडांची अळी सोडली आणि काठी अशी वाकली की मला वाटलं झाडच अडकलं. काका, सात पौंडांची मादी. जाळी मी या वेळी सुलटी धरली. बाबांनी तिला दोन्ही हातांनी माशांच्या टाकीत सोडलं, खाली बसले आणि बराच वेळ आपले हातच बघत राहिले. मग म्हणाले, "हॉईटला कोणीतरी सांगायला पाहिजे."

त्यानंतर पंधरा मिनिटांत टाकीत ताजं पाणी फिरवणारा पंप बंद पडला. जुलैचं पाणी किती तापतं ते तुम्ही जाणता. बाबा पुढे पाठमोरे, त्या डावखुऱ्या मोटरशी झगडत होते आणि तंगडीला खिळा कुठे ठोकायचा ते सांगत होते. मी मागे कॉफीच्या मगाने तळ्यातलं पाणी टाकीत आणि टाकीतलं तळ्यात करत होते. जेवणाच्या डब्यातला बर्फ पिशवीत बांधून टाकीत सोडला, उकडलेल्या शेंगांसाठी आणलेलं गार पाण्याचं भांडं ओतलं (काही शेंगाही गेल्या). चारही मध्यम मासे ठणठणीत होते. मोठी मात्र एका कुशीवर झाली आणि तिचे कल्ले मंद हलायला लागले. ती कदाचित बारा वर्षांची असेल, काका. मी चौथीत होते तेव्हापासून ती या तळ्यात आहे. मी बाबांना हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारली असती तर ते थांब म्हणाले असते, आणि मला थांबावं लागलं असतं. मी तिला उचललं आणि बोटीच्या कडेवरून पाण्यात धरलं. तिने तीन श्वास घेतले आणि शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून ती खाली गेली.

हे सांगायला मला वीस मिनिटं लागली. त्या वेळात मी मनात मुद्दे मांडले. उपसंहारही तयार होता. प्रत्यक्षात मी एवढंच म्हणाले की बाबा, मी तिला सोडलं.

बाबा वळले नाहीत. बोट डावीकडे एक पूर्ण गोल फिरली.

"पोहत गेली का?"

"हो. जोरात."

"म्हणजे मरत नव्हती."

"तेव्हा वाटत होती."

"मग तू तिला वाचवलंस, की तिने तुला गंडवलं?"

मी मगातलं उरलेलं पाणी तळ्यात ओतलं. आणखी अर्धा गोल झाल्यावर ते म्हणाले, "हॉईटला हे सांगू नकोस. मरेपर्यंत हसेल." (म्हणून मी सांगते आहे. तुम्ही खूप दिवस हसावं अशी माझी इच्छा आहे.) वजनाच्या वेळी पाद्री लव्हेल यांनी पाचवा मासा कुठे असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तिला घरी काम होतं." आमचा सहावा नंबर आला. मोठी असती तर तंगडी आमची होती, अडीच पौंडांनी. परत येताना बाबा गाडीत शीळ घालत होते. मी खिडकीबाहेर बघत रडले, आणि त्यांनी ते न दिसल्यासारखं केलं.

तर असा उन्हाळा गेला. दिव्याबद्दल पुन्हा एकदा आभार. काकूंना नमस्कार, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आईने धुऊन ठेवल्या आहेत हेही सांगावं.

तुमची नम्र पुतणी,
डेलनी

ता. क. मला नोकरी लागली आहे. ओरेगॉनमध्ये, नद्या स्वच्छ करणाऱ्या एका छोट्या संस्थेत; तीन सप्टेंबरला रुजू व्हायचं आहे. इथून गाडीने चार दिवस. आईला सांगितलं आहे, बाबांना नाही. बोटीत मी सात वेळा सुरुवात केली, पण प्रत्येक वेळी त्यांच्या गळाला काहीतरी लागलं. मी गेले की किल्ली पुन्हा आईकडे आणि बाबा पुन्हा अंगणात. आईने बादली लपवून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. दिव्याचे आभार खरेच आहेत, पण पत्र त्यासाठी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. काका, तुम्ही चाळीस मैलांवर राहता. शनिवारी या. नवी बोट घरी ठेवून या. बाबा माफी मागणार नाहीत, तुम्हीही मागू नका. आई म्हणते दोघांनी मागायची ठरवली तर दुपार होईल, आणि मासे सकाळीच लागतात. मी वाईट जोडीदार आहे हे वर सविस्तर लिहिलंच आहे. बाबांच्या मते तुम्ही त्याहून वाईट आहात. हे त्यांनी दिवसाला चौदा वेळा म्हटलं आहे, माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करत होते तेवढ्यात बाबा आले आणि त्यांनी पत्ता वाचला. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून सगळंच सांगून टाकलं, तुम्हाला बोलावल्यासकट आणि ओरेगॉनसकट. त्यांनी पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग तिकडे बास आहेत का, एवढं विचारलं. आहेत म्हटल्यावर ते पाना घेऊन बाहेर गेले. मला वाटलं रागावले. खिडकीतून पाहिलं तर ते बोटीतली मागची खुर्ची उचकटत होते. मी धावत गेले आणि म्हणाले, बाबा, असं नका करू. त्यांनी वर न बघता सांगितलं, "तुझ्यासाठी पुढे घेतली होती. त्याचे पाय लांब आहेत." आणि खुर्ची दोन भोकं मागे सरकवून ते बोल्ट आवळायला लागले.