चंद्रावरची संकष्टी

आबा, ओळखलंत का मला? कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे तुम्ही. जाऊन तीस वर्षं झाल्यावर मुलगी कुठून आठवणार! मी धाकटी, जास्त बोलणारी. हे अक्षर माझं नव्हे. मला अक्षर येत नाही ती तुमचीच कृपा. मी सांगते आणि नात लिहिते. ती मुलींच्या शाळेत जाते आणि मधूनमधून मला शुद्ध बोलायला लावते.

कल्याणच्या आपल्या स्वयंपाकघरातली ती संकष्टी. तुम्ही गावाला पंचांग सांगणारे. चंद्रोदय कधी ते विचारायला दुपारपासून बायका दाराशी उभ्या. मी नऊ वर्षांची, पहिलाच उपास, पोटात कावळे. मी विचारते, "आबा, चंद्रावर माणसं असली तर त्यांनी संकष्टी कधी सोडायची? त्यांचा चंद्र उगवणार कुठून?" बायका हसल्या आणि तुम्ही लाल झालात. "वाह्यात कुठली! चूल बघ जा." बघितली, आबा. पन्नास वर्षं चूल बघितली. माझा प्रश्न मात्र कुणी बघितला नाही.

आता तुमचा नातू, माझा मुलगा, मासिकांतल्या कल्पित गोष्टींच्या नादी लागलाय. हवेत उडणाऱ्या गाड्या, समुद्राखालची गावं, शंभर वर्षांनंतरचं कल्याण! असल्या गोष्टींच्या वेड्यांची त्यानं घरी दोन दिवसांची सभा भरवली. ठाण्याहून, मुंबईहून माणसं आली. आणि मांडणी सगळी माझी बरं का! तुम्ही पाटावर तांदूळ पसरून नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडायचात, तशा मी वक्त्यांच्या मांडल्या. एक सुपारी, एक वक्ता. त्या बघून मुलगा आमंत्रणं लिही. अंगणात कागदी फुगे उडवायला शिकवणारा कारागीर बसवला, त्याची सुपारी सगळ्यांत मोठी. पहिल्याच दिवशी एक फुगा धुरानं टम्म होऊन निघाला तो शेजारणीच्या वाळवणावर उतरला. ती भांडायला आली आणि हातातल्या पापडांसकट सभेतच बसली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वैद्यबुवा बोलायचे होते. ते आलेच नाहीत, कारण त्यांना आमंत्रणच गेलं नव्हतं. सभेच्या महिनाभर आधी, आमंत्रणं लिहायच्या दिवसांत, एक पाहुणा पाटाशी टेकला होता. समोर सुपारी दिसली, आपल्यासाठीच ठेवली समजून त्यानं तोंडात टाकली. वैद्यबुवा चावून खाल्ले गेले!

मुलगा धावत आत आला. "आई, माणसं बसून आहेत. काय करू?"

"माझा प्रश्न घाल." मी प्रश्न सांगितला.

"हसतील गं लोक. माझी शोभा होईल."

"माझी एकदा झालीय. आता तुझी पाळी."

म्हटलं खरं, आणि बांबूच्या चिकेच्या पडद्याआड बायकांत जाऊन बसले. पण याही खेपेला लोक हसले, तर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नव्हते.

मुलानं प्रश्न वाचला. सभेतले एक शास्त्रीबुवा म्हणाले, "चंद्र पायांखालीच, तर दर्शनाची वाट कसली बघायची? केव्हाही जेवावं."

ठाण्याच्या शाळेतले मास्तर उठले. "तिथून आपली पृथ्वीच चंद्रासारखी दिसेल. ती बघून सोडावा."

"आणि ती उगवते कधी?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

मास्तरांनी एक मूठ दुसरीभोवती, तोंड सतत तिच्याकडेच ठेवून, फिरवून बघितली. मग एकदम ओरडले, "उगवतच नाही! आकाशात एका जागी टांगल्यासारखी दिसायची ती!"

"अगो बाई!" पापडवाली चिकेआडून म्हणाली, "म्हणजे सासवांचं फावलं. अजून उगवली नाही, बस उपाशी!"

मग काय विचारता! पुरुष बोलतायत, बायका बोलतायत, कोण पडद्याच्या अलीकडे नि कोण पलीकडे, कुणाला शुद्ध नाही. शेवटी मास्तरांनी विचारलं, "प्रश्न कुणाचा हा?"

"माझा," मी म्हटलं. "वय वर्षं नऊ."

मास्तर हसले नाहीत. चिकेकडे वळून त्यांनी हात जोडले. "फार चांगला प्रश्न, बाई."

आबा, पितर चंद्रलोकी राहतात म्हणे. तेव्हा खरं काय ते तुम्ही बघतच असाल. पण तुम्ही सांगणार नाही, आणि हे पत्र तिथवर न्यायला टपालवाला नाही. म्हणून तुमच्यापाशी कबूल करते. पृथ्वी तिथून उगवत का नाही, ते मला अजून कळलेलं नाही. सभेत नुसती मान डोलावली, बायका बघत होत्या ना.

पोरी, हे घडी करून फडताळात ठेव. आणि मास्तरांना निरोप धाड, परत एकदा येऊन समजावून सांगा म्हणावं. बरोबर सांज्याच्या पोळ्या पाठव, बारा तरी. तूप वेगळं दे.