यंदाची बारी माही

३१ ऑगस्ट, रवि.
इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याले भोक पाडता पाडता आणखी एक ड्रिल मोडलं. बोट कापलं ते वेगळं. दुकान बंद ठेवून हे करून राह्यली, तरी एक जण शटर वाजवतेच. "ताई, क्लच केबल द्या नं." दिली. वरून म्हणे, "भाऊ नाई का दुकानात?" भाऊ पुण्यात बसून गाडीचे फोटो टाकते आणि गाडी इथं चिखलीत माह्या उरावर. हे बोलली नाई, पण तोंडावर दिसलं असन. केबल घेऊन पळाला.

भोक पडलं शेवटी. तार ओवून बोल्ट घट्ट बांधला. तारेनं बांधल्याशिवाय ट्रॅकवर गाडी आत घेत नाई, आणि बरोबरच हाय. एकाचं ऑइल सांडलं का मागचे सारे आडवे.

ऑक्टोबरात कोइमतूरले मोटरसायकलची रेस. मागच्या साली भावानं, गोलूनं, चालवली, मी उन्हात घड्याळ घेऊन कठड्याजवळ उभी. गाडी दोघांची. एका वेळी चालवणारा एकच. म्हणून यंदाची बारी माही. त्यानं स्वतः म्हटलं होतं, आईसमोर.

४ सप्टें., गुरु.
कूलंट सांडलं का ट्रॅक निसरडा होते, म्हणून ते काढून साधं पाणी भरलं. आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, साइड स्टँड, सगळं उतरवून पोत्यात. अप्पा शेडमध्ये आले, पाहून म्हणे, "हे गाडी हाय का सोललेली कोंबडी?" जन्मभर स्पेअर पार्ट विकले त्याइनं. गाडीतून पार्ट काढून ठेवणं त्याइले पाप वाटते.

वेल्डरनं ट्रॅक्टरच्या जुन्या पाइपाचा स्टँड करून दिला, मागचं चाक उचलून धरायले. चांगला केला. सांगतलं नाई त्याले, उगाच भाव चढतात.

७ सप्टें., रवि.
सकाळी बाजार समितीच्या आवारात. रविवारी तिथं कुत्रं नसते. पाण्याच्या बाटल्या मांडून आठचे आकडे मारले. चांगलं जमून राह्यलं होतं. मग कोण्यातरी मूर्खानं सांडलेले मुगाचे दाणे, झाडलेलं नाई, सिमेंटवर पसरलेले. पुढचं चाक गेलं. मी आणि गाडी दोघी आडव्या.

वॉचमन उचलायले आला नाई, शिकवायले आला. "बाई, एखांदी स्कुटी घ्या नं."
"तुम्ही एखांदा झाडू घ्या."

कोपर सोललं, क्लचचा लिव्हर वाकला. आईले सांगतलं दुकानातला रॅक लागला. लिव्हर नवा लावला. वाकलेला समोरच ठेवला हाय. पाह्यला का राग येते. राग असला का हात बरा चालते.

१२ सप्टें., शुक्र.
गोलूचा फोन.
"मनीताई, ऐक ना, चिडू नकोस." तिथंच समजलं मले.
"मी माझं नाव भरलंय गं. मागच्या वेळी थोडक्यात राहिलं माझं. पुढच्या वेळी तू, नक्की. आणि तू पडलीस तर आई मला खाईल."
"आणि तू पडला तं कोणाले खाईन बे?"
हसला. हसायची गोष्ट होती का ही? मग लाडात येऊन, "पण तयारी तूच कर हां. तू केलेल्या गाडीवर मी डोळे झाकून बसतो."

डोळे झाकून! मी इथं ऑइलमध्ये कोपरापर्यंत आणि साहेब डोळे झाकून. पुण्याले गेल्यापासून मला-तुला, गं आणि ना. नोकरी लागायच्या आधी "मले भूक लागली वो ताई" म्हणून मागं मागं फिरे.

आजपासून नुस्तं गो. पूर्ण नाव लिहायची लायकी नाई त्याची.

१५ सप्टें., सोम.
दुकानात दोघांशी भांडली. एक जण खरंच हलकट होता, दुसऱ्याची काही चूक नव्हती.

आई: "भाऊच हाय नं तो तुहा. दे सोडून."
मी: "यंदा सोडलं तं दरसाली सोडावं लागन."
आई: "पण तुले काऊन जायचं असते तिथं?"

हे गो.ले कोणी विचारत नाई. त्याले जायचं असते म्हणजे जायचं असते. मलेच काऊन. तं ऐका: तिथं एक लांब सरळ रस्ता हाय, त्याच्या शेवटी उजवीकडं वळण. गाड्या पूर्ण जोरात येतात, तिथं ब्रेक दाबतात आणि पुढून खाली बसतात, सगळ्या गाडीचा जीव पुढच्या चाकावर. मागच्या साली मी ते आवाज ऐकत उभी होती. मले एकदा तो ब्रेक माह्या हातानं दाबायचा हाय. बस. हे आईले सांगून समजन का? सांगतलं नाई. म्हटलं, "जायचं हाय म्हणून."

संध्याकाळी तरी साखळी धुतलीच. हातांले लाज नाई.

२१ सप्टें., रवि.
पुढच्या ब्रेकचे पॅड नवे बसवले. दोन जोड मागवले होते, एक सोबत न्यायले. डिस्क पुसून घेतली, बोटसुद्धा लागू दिलं नाई. नवे पॅड हळूहळू दाबून मुरवावे लागतात, म्हणून पुन्हा समितीच्या आवारात. या खेपी झाडू घरून नेला. आख्खं आवार झाडलं. वॉचमन खुर्चीत बसून पाहत होता, चूप.

ब्रेक असा झाला का दोन बोटांत गाडी उभी.

दुपारी गो.चा मेसेज. चामड्याचा सूट भाड्यानं सांगतला म्हणे, त्याच्या मापाचा. "तुझं माप नाही विचारलं, कारण तसंही…" तसंही काय बे? वाक्य पुरं कर नं. उत्तर दिलं नाई. म्हणजे मनात हजार दिले.

१ ऑक्टो., बुध.
गो. आला. पुण्याहून त्याच्या रोजच्या गाडीवर. पाय धुवायच्या आधी शेडमध्ये. "वा ताई!" म्हणून टाकीवर हात फिरवला.
"हात काढ."
"अजून राग?"
दरवेळसारखी त्याची गाडी माह्याकडं लोटली. "जायच्या आधी एकदा तुझा हात फिरव ना, ब्रेक, साखळी." नोकर हाय का मी याची? आईनं पुरण घातलं. माह्या वाढदिवसाले विकतचा पेढा येते.

देऊळघाटचा पिकअपवाला ठरला, सोमवारी सकाळी येईन. तो पुण्यापर्यंत नेईन, तिथून कोइमतूरले रेसवाल्या सगळ्यांच्या गाड्या एका ट्रकात.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी दुकानात मी पान्यांले हळद-कुंकू लावून राह्यली होती, तेवढ्यात गो. गाडी घेऊन गायब. वॉशिंगवर. आज तिथं जत्रा असते, ट्रॅक्टर, जीपा, टेम्पो, सारे रांगेत. आणि आपल्या इकडची रीत ठरलेली: धुतलं का वरून डिझेल आणि ऑइलचा फवारा, पूजेले चमक येते, गंज धरत नाई. ट्रॅक्टरले बरोबरच हाय ते. गो.नं गाडी ट्रॅक्टरांच्या रांगेत लावली, "एकदम चकाचक कर" म्हटलं आणि दोस्ताइसंग कचोरी खायले गेला. परत आणली ते लोटत, इंजिनात पाणी गेलं असन म्हणून सुरू न करता. झेंडूचा हार घालून.
"बघ ताई, नवरी दिसते का नाही!"
दिसत होती. टायरसुद्धा चमकत होते.

कुंकू लावायले वाकली तं वास आला. डिस्कवर बोट फिरवलं. बोट काळं. पॅडच्या फटीतून तेलाचा ओघळ खाली गेलेला. एकदा तेल प्यायले का पॅड गेले, धुऊन फायदा नाई. पुढचा ब्रेक मेला आणि वरून हार.

तोंड उघडलं होतं मी. जिभेवर शिव्या तयार होत्या. तेवढ्यात आई म्हणे, "नारळ गोलूच्या हातानं फोडू, चालवणार तोच हाय."
तोंड मिटलं.

लिहून ठेवते: मनात आलं, बस आता डोळे झाकून. जा.

संध्याकाळी सोनं द्यायले आला. आपट्याची पानं हातात ठेवली, वाकून पाया पडला. "सोडून दे ना ताई राग, आज तरी." म्हटलं, सुखी राहा. माह्या बोटाले तोच वास होता अजून. साबणानं गेला नव्हता.

३ ऑक्टो., शुक्र.
झोप नीट नाई. सकाळी सांगीन म्हटलं. सकाळी तो अप्पाले त्याच्या मागच्या सालच्या लॅपा सांगत बसला, अप्पा कौतुकानं ऐकून राह्यले. नाई सांगतलं.

जेवणं झाल्यावर हेल्मेट घालून शेडमध्ये. "समितीत एक चक्कर मारून येतो." चावी लावली, गाडी सुरू. आमच्या गल्लीले उतार हाय, खाली मेन रोड, एसट्या येतात-जातात. मी दारात उभी होती. पाहून राह्यली होती. त्यानं गिअर टाकला, तेव्हा ओरडली.
"उतर बे!"
त्याले वाटलं तेच जुनं भांडण. "ताई, आता पुन्हा नको ना…"
जाऊन चावीच काढली. "न्यूट्रल कर. पुढचा ब्रेक दाब. जोरात दाब." त्यानं दाबला. मी मागून ढकललं. गाडी थांबली नाई, सरकत गेली आणि भिंतीले टेकली.

चेहरा उतरला त्याचा. "हे कशानं?"
"फवारा मारला वॉशिंगवाल्यानं. तू कचोरी खात होता."
"आई शप्पथ. माझ्या लक्षातच नाही आलं. सॉरी ताई. सॉरी." मले बरं वाटलं, खोटं काऊन लिहू.

मग म्हणे, "आत्ता दिसलं तुला?"
हो म्हणता आलं असतं.
"काल. पूजेच्या वेळी."
"काल?"
मी चावी खिशात टाकली.
"मी पाया पडलो, तेव्हा माहीत होतं?"
"हो."
हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि आत गेला. आईनं चहासाठी हाका मारल्या, आला नाई.

४ ऑक्टो., शनि.
घरात दसरा आज हाय. गो.नं सकाळी सगळ्याइसमोर सांगतलं, "मनीताईच जाईल. बारी तिचीच होती." फोन करून नाव बी बदललं. आईच्या डोळ्यांत पाणी. "पाह्य, किती मोठ्या मनाचा हाय माहा गोलू." अप्पा म्हणे, "शिक त्याच्याकडून काही." गोड केलं पुन्हा.

मी अंगणात गाठला. "काऊन?"
"मी नाही बसणार त्या गाडीवर."
"दुसरा जोड हाय नं नवा. डिस्क साफ करते, टायर घासते, पह्यल्यासारखी…"
"पॅडचं नाही म्हणत मी, ताई."

चिडली मग. "तेल मी टाकलं का? कोणी टाकलं तेल?"
"मीच. चूक माझीच. पण मला माहीत नव्हतं."

एवढंच म्हटलं, हळू आवाजात. त्यानं आवाज चढवला असता तं मले बोलता आलं असतं. बारी तोडली, नाव परस्पर भरलं, सूट आपल्या मापाचा सांगतला, सगळं ओठावर होतं. हरामखोरानं भांडूच दिलं नाई.

मी ओरडली तं होती. तो गल्लीत जायच्या आधी ओरडली. हे कोणी मोजत नाई.

५ ऑक्टो., रवि.
गो. गेला सकाळी. जायच्या आधी त्यानं त्याची गाडी चौकातल्या गॅरेजात नेली. रविवार, तिथला मिस्त्री उशिरा आला, तोपर्यंत पायरीवर बसून राह्यला. ब्रेक, साखळी, हवा, सगळं दाखवून घेतलं त्याच्याकडून. मी समोर दुकानाच्या दारात उभी, हातात पाना. नेहमीचाच दहा-बाराचा.
आई म्हणे, "घरी पानेवाली असून तिकडं काऊन गेला हा?"
म्हटलं, घाईत असन.
आईच्या पाया पडला, अप्पाच्या पडला. मले दुरूनच, "येतो, ताई." पोचल्याचा फोन आईले.

खराब पॅड काढून भंगारात टाकले. डिस्क घासली. टायर साबणानं धुतले, उन्हात वाळवले. पुन्हा बोट फिरवून वास घेतला. काही नाई. थोड्या वेळानं पुन्हा घेतला. दुपारभर हेच करून राह्यली.

नाव माहं, बारी माही. सूट तेवढा गोलूच्या मापाचा येईन.

पिकअपवाल्याचा फोन आला, "ताई, सकाळी येऊ नं मंग?" म्हटलं, ये. नवे पॅड अजून पाकिटातच हायेत, बसवायले हात धजत नाई.