टाकीवरची अर्धी कैरी

६ ऑगस्ट, रविवार
अप्पा गेल्यापासून मागच्या पत्र्याखाली पडलेली त्यांची फटफटी आज बाहेर काढली. चाकं फिरेनात, म्हणून मी आणि धाकटा केशव, दोघांनी जवळजवळ उचलूनच अंगणात आणली. आम्हां दोघांची वयं मिळून शंभरीच्या आसपास, गाडी एकटीच साठीला टेकलेली. सगळ्यांत कमी कुरकुर तिनंच केली.

के. म्हणाला, "अण्णा, अस्सल विलायती. लढाईतली. अख्ख्या म्हैसुरात अशी दुसरी दाखव."
सीटच्या स्प्रिंगमध्ये शेजारच्या कोंबडीचं अंडं सापडलं. तेही अस्सल होतं.

आईनं माडीच्या खिडकीतून पाहिलं. खाली आली नाही.

१३ ऑगस्ट, रविवार
टाकी रॉकेलच्या फडक्यानं पुसली. हलक्या हातानं, पोथी पुसतात तशी. धुळीखाली काळा रंग, आणि कडेनं अप्पांची कैऱ्यांची किनार. पिवळी, जरीसारखी. मला वाटलं होतं उडाली असेल.

साड्या छापायचा लाकडी ठसाच त्यांनी तेलरंगात बुडवून टाकीवर उठवला होता. ठसा सपाट, टाकी गोल. पिढ्यान्‌पिढ्या कापड छापणाऱ्या घरातच ही चूक होऊ शकते. वळणावरची कैरी त्यामुळे अर्धीच उठली. उरलेली अर्धी कुंचल्यानं भरायला घेतली आणि का कोण जाणे, सोडून दिली. लहानपणी मी पुढे टाकीवर बसायचो तेव्हा माझं बोट त्या अर्ध्या कैरीवर असायचं. मागे साड्यांची गाठोडी, मध्ये अप्पा. नंजनगूडचा बाजार. ओल्या रंगाचा वास.

आज बोट ठेवून पाहिलं. कैरी लहान झाली आहे.

२० ऑगस्ट, रविवार
गाडी मंडी मोहल्ल्यात रहमतसाबांच्या गॅरेजात. इंजिन जाम नाही म्हणाले. खूप खटपटीनंतर किक लागली. धूर मात्र इतका की समोरच्या वाण्यानं फळ्या लावून घेतल्या. संस्कृत पाठशाळेत आम्हांला धुरावरून अग्नी सिद्ध करायला शिकवलं होतं. इथे धूर निर्विवाद, अग्नी अजून साध्य.

के.ला गाडी फौजी करायची आहे. हिरवा रंग, दिव्यावर ब्लॅकआउटचं फटीचं झाकण, मागे कॅनव्हासच्या पिशव्या, पांढऱ्या रंगात आकडा. दसऱ्याआधी जुन्या गाड्यांची फेरी निघते, तीत न्यायची. म्हटलं, "बाबा रे, लष्कराशी आपला संबंध एवढाच की घर लष्कर मोहल्ल्यात आहे."
हसला. हसताना अगदी अप्पांसारखा दिसतो.

संध्याकाळी आईसमोरच बोलून घेतलं. "बाकी सगळं तुझ्या मनासारखं कर. टाकीला हात लावायचा नाही."
"आयतु, अण्णा."
"नुसतं आयतु? बरं म्हटलं की झालं?"
"मग काय, स्टॅम्प पेपर आणू?"
म्हटलं, नको. सख्ख्या भावाकडून कोण लिहून घेतं.

हिरव्या गाडीवर काळी टाकी. जावयाच्या डोक्यावर सासऱ्याची टोपी. चालेल.

५ सप्टेंबर, मंगळवार
उद्या बैलकुप्प्याला. संपादकांना तिबेटी वसाहतीवर लेखमाला हवी आहे. "तुमच्या शेजारीच आहे की." पुण्याहून पाहिलं की सगळं कर्नाटक एकमेकांच्या शेजारी असतं.

के.ला पुन्हा टाकीची आठवण केली. "किती वेळा सांगशील, मारे, किती वेळा!" म्हणाला.

९ सप्टेंबर, शनिवार, बैलकुप्पे
लोण्याचा खारट चहा. पहिला घोट कुतूहलाचा, दुसरा सभ्यतेचा. तिसरा झाला नाही.

के.ला फोन केला. इंजिन म्हणे घड्याळासारखं चाललं आहे. "आणि टाकी?"
"अप्पांच्या धोतरात गुंडाळून आईच्या पलंगाखाली ठेवलीय. आता आईला पहारा द्यायला सांगू?"
मोठ्यानं हसलो. वाटेनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्या भिक्षूनं वळून पाहिलं आणि तोही हसला, कारण न विचारता.

१२ सप्टेंबर, मंगळवार
बसस्टँडवरून थेट मंडी मोहल्ल्यात गेलो. घरी जायला हवं होतं.

गाडी गॅरेजच्या दारात उभी. हिरवी. चाकाच्या आऱ्यांपासून दिव्याच्या झाकणापर्यंत. टाकीसुद्धा. बाजूला पांढरा आकडा, कुठल्या पलटणीचा देव जाणे. ज्या लोखंडी सांगाड्यावर अप्पा साड्यांची गाठोडी बांधायचे त्यावर आता दारूगोळ्याची पेटी. उघडून पाहिली. आत के.चा जेवणाचा डबा.

मला वाटलं दुसरी टाकी बसवली. तसं विचारलंही. रहमतसाब गोंधळले. "निम्म तम्मने हेळिद्दु, सर. पूर्ती तेगीरि अंदरु." तुमच्या भावानंच सांगितलं, सगळं काढा म्हणाले. कधी? मी बैलकुप्प्याची बस धरली त्याच दिवशी.

रंग उतरवायचं औषध लावून पुसलेलं फडकं कोपऱ्यात पडलं होतं. काळं. त्यात कुठे पिवळं दिसतं का ते पाहत उभा राहिलो. मग लक्षात आलं की गॅरेजातले सगळे माझ्याकडे पाहताहेत.

घरी आलो, आईच्या पलंगाखाली वाकलो. धोतराचं गाठोडं होतं. छान बांधलेलं, अप्पा बांधायचे तशी गाठ. सोडलं. आत जुना हेडलाइट.

खोटं बोलला, ते एक वेळ समजू शकतो. भावाभावांत तेवढं चालतं. त्यानं गाठोडं बांधलं. म्हणजे बसून, धोतर शोधून, आकार बरा दिसेल असं काहीतरी आत घालून

१३ सप्टेंबर, बुधवार
काल पुढे लिहवलं नाही.

के. आला. माझ्या आधी तोच बोलायला लागला. "अण्णा, ऐकून घे. काळ्याच्या खाली हिरवाच निघाला. हाच मूळ रंग. तूच सांगतोस ना, पोथीत मागाहून घुसलेलं काढायचं आणि मूळ पाठ वर आणायचा?"
म्हटलं, "हो. पण बापाला प्रक्षिप्त ठरवणारा पंडित आजच पाहिला."
"चेष्टा नको."
"चेष्टा तू केलीस. धोतरात बांधून."

मग तो चढला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "तुला किनार दिसते, मला माझी नखं दिसतात. तुला पाठशाळेत घातलं. रंगाच्या पिंपाशी मी. शाळेत पोरं म्हणायची, केशव आला, हात लावू नका, रंग लागेल. मास्तर हसायचे. मला अप्पा त्या कैऱ्यांशिवाय एकदा बघायचे होते. एकदा!"

सगळं खरं आहे. ठसा उठवायला तोच शिकला, मला अजून धरताही येत नाही.

पण हे तो मला विसाव्या वर्षी सांगू शकत होता, चाळिसाव्या वर्षी सांगू शकत होता, गेल्या महिन्यात आईसमोर "आयतु" म्हणायच्या ऐवजी सांगू शकत होता. मी भांडलो असतो. कदाचित हरलोही असतो.

जाताना विचारलं, "गाठोडं कशाला बांधलंस?"
बराच वेळ चपलेत पाय घालत राहिला.
"सुम्ने," म्हणाला. उगाच.

१७ सप्टेंबर, रविवार
फेरी होती. गेलो नाही. लेखमालेचा दुसरा भाग लिहिला. भिक्षूंबद्दल लिहिताना भाषा फार कडक होते आहे, त्यांचा काही दोष नसताना.

१८ सप्टेंबर, सोमवार
एका कन्नड दैनिकात फोटो. के., डोक्यावर तिरकी टोपी, डोळ्यांवर गॉगल. गाडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेली, वडील सैन्यात निरोप पोचवणारे शिपाई, मुलांनी जपलेला वारसा. "मुलांनी". म्हणजे मीही त्यात आहे.

अप्पा. ज्यांना पोस्टमननं दार वाजवलं तरी धास्ती वाटायची. लढाईनंतर लष्करी सामानाच्या लिलावात गाडी घेतली ती बाजार गाठायला. आयुष्यभर मी लोकांच्या बातम्यांचं खरंखोटं तपासलं, आणि स्वतःच्या बापाची खोटी बातमी दुसऱ्याच्या पेपरात वाचली. के.ला फोन केला.
"मी नाही म्हणालो शिपाई. त्यानं विचारलं, फौजेत होते का. मी..."
"तू काय?"
"मी नाही म्हणालो नाही."

२० सप्टेंबर, बुधवार
संध्याकाळी के. गाडी घेऊन आला. मी आतच थांबलो. आई मात्र खाली उतरली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "अशीच आली होती बघ घरी." के.चा चेहरा उजळला. त्यानं माझ्या खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. काय सांगू, त्या वेळी आईचाही राग आला.

तो गेल्यावर मला म्हणाली, बस.

"ते घेऊन आले तेव्हा मी नवी होते घरात. म्हणाले, चल, चामुंडीला जाऊ. मी नाही म्हटलं. ह्या गाडीवर कोण मेलंय ठाऊक आहे का तुम्हाला? मेलेल्या माणसाच्या जागी मी नाही बसायची. सासूबाईंनी समजावलं, शेजारणींनी समजावलं. नाही म्हणजे नाही. मग त्यांनी ती काळी केली. माझ्या लग्नाच्या साडीची किनार ज्या ठशाची, तोच काढला. म्हणाले, आता साडी झाली ना ती? आता बसशील?"
"आणि ती अर्धी कैरी?"
"तेवढ्यात मी बसले की. मग कशाला भरतील?"

इतकी वर्षं ती कैरी मी वाचत होतो. अर्थ आज कळला, मूळ पुसल्यावर.

म्हटलं, "आई, हे केशवला सांगितलं असतंस तर..."
"कुणी विचारलं?" मग म्हणाली, "आता सांगू नकोस हं त्याला. झालं ते झालं, होगली बिडु. जन्मभर जळत बसेल."

मला तो जळायला हवा आहे. थोडा तरी. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार.

२५ सप्टेंबर, सोमवार
संपादकांचा फोन. ती कन्नड बातमी कुणीतरी त्यांना वाचून दाखवली. "अहो, फौजी वडील, विलायती गाडी, म्हैसूरचा दसरा! आणि तुम्ही आम्हांला भिक्षूंचा चहा पाठवताय? दसऱ्याच्या अंकाला द्या."
म्हटलं, वडील फौजी नव्हते.
"मग काय होते ते लिहा."
सोपं काम. खरं लिहिलं तर के. सगळ्या नातेवाइकांत खोटा पडतो, आणि आईनं सांगू नको म्हटलेलं छापून येतं. नाही लिहिलं तर अप्पा शिपाई राहतात. बघतो म्हणालो. बातमीदारानं बघतो म्हणायचं नसतं.

सौ. म्हणते, बोला एकदा त्याच्याशी. तिला म्हटलं, बोलतोच आहे. गेले बारा दिवस, मनातल्या मनात, सगळे वाद जिंकून.

१ ऑक्टोबर, रविवार, आयुधपूजा
सकाळीच लिहितो आहे, कारण खाली जायचं आहे आणि जाववत नाही.

दरवर्षीप्रमाणे आईनं ठसे पेटीतून काढले, पुसले, पाटावर मांडले. झेंडूची फुलं वाहिली. छपाई बंद होऊन किती वर्षं झाली, पण आयुधं ती आयुधं. माझं पेनही त्यांच्या शेजारी ठेवते, जरा लांब, पंक्तीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

के. गाडी घेऊन दारात उभा आहे. गाडीची पूजा थोरल्यानं करायची आणि चाकापुढे कोहळा फोडायचा, हा अप्पांपासूनचा रिवाज. त्याला दुसरीकडे जाता येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही. खिडकीतून दिसतोय. गॉगल नाही, टोपी नाही. कोहळा पोटाशी धरून उभा आहे.

आईनं वाटीत हळद कालवली, दाट, रंगासारखी. एक ठसा उचलून माझ्या हातात दिला. कैरीचा. "ने खाली. टाकीवर उठव."
"आई, मला येत नाही."
"मग ज्याला येतं त्याला दे."
"तो विचारेल, टाकीवर का."
वातीला तेल घालत राहिली.

तर असं आहे. ठसा आणि वाटी माझ्याकडे. हात त्याच्याकडे. मी उठवला तर फराटा उठेल. त्यानं उठवला तर नीट उठेल, आणि वळणावर अर्धाच उठेल, कारण टाकी अजून गोलच आहे. तेव्हा तो मान वर करून माझ्याकडे बघणार, आणि सांगायचं की नाही ते मलाच ठरवावं लागणार.

"अण्णा! उतरतोस ना? कोहळा जड झाला बघ."

ठसा मला वाटलं होतं त्यापेक्षा हलका आहे. उतरतो.