हिरव्या चुड्याचा तिसरा हिस्सा

मी, उम्मेहानी बद्रुद्दीन मणेर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बांगड्या भरणे, राहणार तळेगाव दाभाडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाने नव्हे आणि कोणाच्या लाडीगोडीनेही नव्हे, तर रागाच्या भरात पण पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. प्रज्ञेश गराडे यांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल तसा दाखला द्यायला त्यांनी नकार दिला.

कलम १. माझा वारस एकच, धाकटा मुलगा उमर. थोरला मुबीन तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याची बायको बिल्किस आणि मुलगी आयरा माझ्याजवळ राहतात, माझं पथ्यपाणी करतात, म्हणून अर्थातच आमच्या कायद्याने त्या माझ्या वारस नाहीत. मात्र मिळकतीचा तिसरा हिस्सा मला मर्जीने देता येतो. सबब हा कागद.

कलम २. राहते घर उमरला. उमर पवनानगरकडे प्लॉट विकतो. जमीन हिरव्या पट्ट्यातली, म्हणजे जिथे घर बांधायला परवानगी नाही. हा गिऱ्हाइकाला छातीठोक सांगतो, "हिरवा पट्टा म्हणजे चारी बाजूंनी झाडी, साहेब." वरून हिरवा कंदील मिळाला आहे असेही सांगतो. तो कंदील आमच्या घरात कोणी पाहिलेला नाही. घर पक्के आहे आणि सातबारा खरा आहे, एवढ्यानेच त्याला चुकल्यासारखे वाटेल.

कलम ३. बाजारपेठेतला गाळा, आतल्या मालासह, बिल्किसला. तिसऱ्या हिश्श्यात तो बसतो, वकिलांनी हिशेब करून पाहिला आहे. उमरला तिथे बुकिंग ऑफिस काढायचे होते. मला म्हणाला, "अम्मी, हिरव्या बांगड्या आता घालतंय कोण?"

अरे बाबा, सगळे मावळ घालते. नवरीला हिरवा, डोहाळजेवणाला हिरवा, देवीच्या ओटीत हिरवा. त्यातही पोपटी नको, शेवाळी नको, मेंदी दाखवा, अन् दाखवली की "मावशी, रामा ग्रीन न्हाई व्हय?" मी रामा ग्रीनही दिला. निवडणूक आली की मात्र हाच रंग फक्त आमचा होतो आणि लोक माझ्या दुकानाच्या हिरव्या पाटीकडे डोळे बारीक करून बघतात. निकाल लागला की लग्नसराई, मग पुन्हा हिरवा म्हणजे सौभाग्य. तेव्हा त्याच पाटीखाली चपला ठेवायला जागा नसते. अंगावर हिरवे गोंदण असलेल्या म्हाताऱ्या माझ्यापुढे हात सोडून बसतात, अन् बांगड्या भरून झाल्या की वाकून नमस्कार करतात. रिवाज तो. बांगडी भरणारीला नमस्कार केल्याशिवाय उठायचे नाही.

कलम ४. हे कलम लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

माझे यजमान बद्रुद्दीन माल आणायला फिरोजाबादला गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन वारले. मातीही तिकडेच झाली. याला बावीस वर्षे झाली. तळेगावात माहीत होते. पवनेकडच्या गावांत कोणाला कळले नाही. नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी घरात बसले, नंतर पेटी उचलून जीपमध्ये बसले. मनगटात दोन दोन हिरव्या बांगड्या, नमुना म्हणून. त्या पाहून गावांनी काय ते समजून घेतले. आमच्यात ना कुंकू ना मंगळसूत्र, मग बघणार तरी काय! पवनानगरला श्रीपतीभाऊ कालेकरांनी दारातच विचारले, "भाई बरं हायत न्हवं?"

मी म्हणाले, "जिथं आहेत तिथं बरे आहेत."

यात खोटे एक अक्षर नाही, आणि तरी बावीस वर्षे मी खोटेच बोलत आले. विधवेच्या हातून नवरीचा चुडा भरून घेत नाहीत, हे मला ठाऊक होते. पदरात दोन पोरे होती. श्रीपतीभाऊंच्या तिन्ही लेकींचा हिरवा चुडा मीच भरला. तिघींचे संसार उत्तम चालले आहेत. मधल्या जावयाची तब्येत तर इतकी उत्तम आहे की त्याला दुचाकी पुरत नाही.

आता गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. भाऊंच्या नातीचे, पिंकीचे लग्न. माझे गुडघे धरले होते, म्हणून बिल्किसला पाठवले. तिचा हात माझ्याहून हलका. काच कितीही तंग असो, नवरीला कळतसुद्धा नाही. मुबीनचा अपघात पेपरात छापून आला होता, त्यामुळे भाऊंनी तिला अंगणातूनच परत धाडली. "रांडमुंड बाईच्या हातनं चुडा? लय वंगाळ." सुनेने पेटी जशीच्या तशी आणून कोपऱ्यात ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसली. त्यानंतर तीन गावांनी बोलावणे बंद केले. आणि मी, जिचे तोंड सगळा बाजार ओळखतो, ती गप्प बसले. का? तर माझे पितळ उघडे पडेल म्हणून. बिल्किस, मला माफ कर. माझी चूक झाली, बेटा.

सबब, माझ्या मरणानंतर हे कलम श्रीपतीभाऊंना मोठ्याने वाचून दाखवावे. बोलावणी आली नाहीत तर गाळा घेऊन ती करणार काय? उमरलाच विकावा लागेल.

कलम ५. वरील मजकूर आज सकाळी बिल्किसला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अम्मी, तुम्ही गेल्यावर हे वाचलं तर लोक म्हणतील, मेलेल्या बाईच्या नावावर सुनेनं खपवलं. सांगायचं तर आज सांगा."

बारावीपर्यंत शिकलेली सून करू नये म्हणतात ते यासाठीच. मी साक्षीदारांसमक्ष फोन लावला आणि सगळे सांगून टाकले.

भाऊ म्हणाले, "भाई जाऊन बावीस वर्सं? आन् मी दर लग्नात भाईंसाठी पानाचा इडा धाडत व्हतो!"

"तो मीच खाल्ला, भाऊ. चुना जास्त असायचा."

"अगं, सांगायचंस तरी. भाईंच्या दुखवट्याला आमी समदी आलो असतो."

हे ते मनापासून बोलत होते. मी म्हणाले, "आला असता, भाऊ. पण पुढच्या लग्नाला मला बोलावलं असतं का?"

भाऊंनी फोन ठेवला नाही. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, त्या मी ऐकत बसले. शेवटी म्हणाले, "इचार करून सांगतो."

ते उत्तर माझ्या हयातीत आले तर ठीक. नंतर आले तर ते बिल्किसला पोचते करावे. ते तिचेच आहे. तिसऱ्या हिश्श्यात धरू नये.

येणेप्रमाणे वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

उम्मेहानी बद्रुद्दीन मणेर

साक्षीदार:
१. सरुबाई निवृत्ती गाडे, सुदुंबरे (अंगठा)
२. हनुमंत दत्तोबा शेळके, तळेगाव दाभाडे (सही)

ठिकाण: तळेगाव दाभाडे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५