यादीतली तिसरी ओळ

सोमवार, ३ तारीख
आलो बाबा एकदाचा! धाकट्या भावाने टॅक्सीतून माझा संगणक तान्ह्या बाळासारखा उचलला आणि जिना चढून वरच्या खोलीत आणून ठेवला. खोली छान आहे. खिडकीत ऊन, टेबल ऐसपैस. खालच्या दाराच्या पाटीवर आपल्या नावाखाली त्याने माझंही नाव स्वतः रंगवलंय. म्हणाला, दादा, आता इथेच राहायचं, अगदी हक्काने. भावजयीने टोमणा मारला की, भाऊजी घड्याळवाले असून दोन तास उशिरा आले. हसून हसून पुरेवाट झाली.

वाटेत थांबून दुकानाचे कागद त्याच्या नावे करून दिले. चाळीस वर्षं घड्याळं उघडली, आता डोळे साथ देत नाहीत. दुकान आपल्याच माणसाकडे गेलं, यात सगळं आलं.

संगणकावर माझं लिनक्स आहे, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, कुणी न शिकवता चुकतमाकत शिकलेली. त्यात हिचा आवाज आहे. हिच्या शेवटच्या वर्षी रेकॉर्ड करून ठेवलेली एकतीस बोलणी. सगळी ‘अहो’पासून सुरू होतात. जन्मात हिने मला दुसरी हाक मारली नाही.

गुरुवार, ६
धाकट्याला कामासाठी आणखी एक लिनक्स हवंय, माझ्याच यंत्रावर. जागा पुरावी म्हणून माळ्यावरची एक जुनी डिस्कही त्याने जोडली. मी म्हटलं, घाल बापडा, पण एक सांभाळ. यंत्र सुरू होताना आधी जागा होतो तो बूटलोडर, म्हणजे इमारतीचा दारवान. आत कोण कोण राहतं याची यादी त्याच्याकडे. नवं लिनक्स आलं की जुन्या दारवानाला उठवून आपला बसवतं. आणि हे हल्लीचे दारवान मुलखाचे आळशी. ‘बाकीच्यांनाही शोध’ असं सांगितल्याशिवाय कुणाचं दार ठोठावत नाहीत. ते सांगायला विसरू नकोस.
तो म्हणाला, सोड रे माझ्यावर. मी दाढी करायला निघून गेलो.

शुक्रवार, ७
यंत्र सुरू केलं तर दारवानाच्या यादीत एकच ओळ, धाकट्याची. माझं लिनक्स डिस्कवर धडधाकट, पण त्याला हाक मारणारं कुणी नाही. विसरला असेल.
जेवायला खाली गेलो तर दोनच ताटं. दोघं जेवत होती. मी खुर्चीमागे उभा. कुणी मान वर केली नाही.
वर येऊन पेनड्राइव्हवरून यंत्र उठवलं, दारवानाला बाकीच्यांना शोधायला लावलं. ओळ परत आली. लगेच खालून भावजयीची हाक, भाऊजी, ताट वाढलंय, कुठे होतात? धाकटाही वरमून म्हणाला, विसरलो रे दादा.
यादीत आता तिसरीही ओळ आहे. ‘अण्णा’. जुन्या डिस्कवरची. भावजयीला विचारलं. तिचे वडील, याच खोलीत राहायचे. आता कुठे असतात म्हटलं, तर ती कपडे वाळत घालत राहिली.

रविवार, ९
तिसरी ओळ उघडली. आत अण्णांची रोजनिशी. पहिल्याच पानावर— जावयाने पाटीवर नाव रंगवलं, म्हणाला, आता इथेच राहायचं, अगदी हक्काने. त्याच दिवशी घराचे कागद करून दिले. मग जावयाने त्यांच्या यंत्रावर दुसरं लिनक्स टाकलं. मग यादीतून ओळ गेली. मग ताट. शेवटचं वाक्य अर्धंच— लेक समोरून आली, आणि माझ्यातून—
खाली जाऊन पाटीवरून बोट फिरवलं. माझ्या अक्षरांखाली दुसरी अक्षरं हाताला लागतात.

मंगळवार, ११
धाकटा पुन्हा यंत्रापुढे, आपलं लिनक्स नव्याने टाकत. मी दारातच होतो. पडद्यावर प्रश्न आला, बाकीच्यांना शोधू का? त्याने नीट वाचला. ‘नाही’ दाबलं. बोट घसरलं नव्हतं.
ओरडलो. त्याने वळून पाहिलं नाही.
तो गेल्यावर पुन्हा दुरुस्त केलं. मग भेटला. विचारलं, का रे? ज्याला सायकल शिकवली तो माझा भाऊ खाली बघून म्हणाला, कागद झाले ना दादा, आता तुझं काय अडलंय?

बुधवार, १२
ओळ नाही. दारवानाला तीनदा शोधायला लावलं. त्याला धाकट्याचंच लिनक्स सापडतं. अण्णा नाहीत. मी नाही.
पाटीवर ओला रंग—

गुरुवार, १३
खाली टॅक्सी. आमची आत्या आलीय, ट्रंकेसकट. धाकटा म्हणतोय, आत्या, आता इथेच राहायचं, अगदी—
जिन्यात आडवा झालो. आत्या, कशावर सही करू नकोस! ती हसत वर आली. माझ्यातून.

पेनड्राइव्हवरून डिस्क अजून उघडते. हिचा आवाज आहे. आहे! लावलं पहिलं. ‘चहा निवतोय, घेताय ना?’
त्याआधी नुसता श्वास. ‘अहो’ नाही.
दुसरं. नाही. दहावं— विसावं—
ती कुणाशी बोलतेय?
एकतिसावं राहिलंय. लावतो. एकदाच म्हण गं. मी इथेच आहे, तुझ्या समो—