रेहानाच्या हातचे चाक

मी, रहेमान वल्द हुसेन शेख, वय सदुसष्टाच्या आसपास, धंदा सायकलदुरुस्ती, राहणार काझीपुरा, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. हात थरथरतात हे खरे. डोके थरथरत नाही. कोणाच्या भिडेने मी काही लिहवत नाही. भीड हा गुण माझ्यात नाही, हे गल्लीत कोणीही सांगेल. मी बोलतो आहे आणि वकिलांचे कारकून यादवराव लिहीत आहेत. त्यांनी माझे शब्द बदलायचे नाहीत असे ठरले आहे.

१. माझी पत्नी हयात नाही. थोरला मुलगा जमील चार वर्षांपूर्वी तापाने गेला. धाकटा नजीर इगतपुरीला रेल्वेत आहे. जमीलची बायको रेहाना आणि मुलगी अमिना माझ्याजवळ राहतात. आमच्या शरियतप्रमाणे माझ्या मागे वारस एकटा नजीर. जमील माझ्याआधी गेला, म्हणून त्याच्या बायकोमुलीला सुईसुद्धा मिळायची नाही. मात्र जो वारस नाही, त्याला मिळकतीचा तिसरा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, असे वकीलसाहेब म्हणाले. सून वारस नाही, हे ऐकून मला पहिल्यांदाच बरे वाटले.

२. तेव्हा आतल्या दोन खोल्या आणि परस नजीरचे. रस्त्याकडची पडवी आणि दुकानाचे सगळे सामान, म्हणजे पंप, पाने, हातोड्या, ऐरण आणि तारा आवळायची चावी, रेहानाचे. हे तिसऱ्या हिश्शाच्या आत बसते. वकीलसाहेबांनी पाहून घेतले आहे. चौकातल्या न्हाव्याला पंप उसना देऊ नये. मागच्या वेळी त्याने परत केला तेव्हा आतला वायसर गायब होता.

३. गेल्या बकरीदला नजीर मला म्हणाला होता, "अब्बा, तुमच्या मागे भाभीला मालेगावला माहेरी पाठवू. बाईमाणूस सायकलचं दुकान कसं चालवणार? पडवी भाड्याने देऊन टाकू." मी तेव्हा गप्प बसलो. ती माझी लबाडी होती, ती आज कबूल करतो.

४. माझा बाप टांग्याची चाके करायचा. लाकडी चाकाचा आरा धावेला, म्हणजे बाहेरच्या लोखंडी पट्टीला, आतून रेटून धरतो, हे मी लहानपणी शिकलो. पुढे देवळाली कॅम्पात सायकली दुरुस्त करू लागलो. सायकलची तार उलट रिमला आत ओढते, पण माझ्या डोक्यातून टांगा गेला नाही. चाक आऊट झाले, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे लचकू लागले, की मी चावी घेऊन तारा आवळत सुटायचो. चाकाचा पापड व्हायचा आणि मी विलायती लोखंडाला शिव्या द्यायचो.

जमील गेला त्या वर्षी धोंडीराम गवळ्याची सायकल मागच्या चाकासाठी घरात घेऊन बसलो होतो. मखमलाबादहून तो रोज सायकलला किटल्या लावून दूध आणतो. सकाळपासून मी तीन तारा तोडल्या होत्या. रेहाना भाकरी थापता थापता म्हणाली, "अब्बा, तुम्ही सगळ्याच आवळता. ही बाजू आधीच ताठ आहे. तिला सोडा, मग समोरची ओढा."

मी म्हणालो, "तू भाकरीकडे बघ."

तिने भाकरीकडे बघितले. भाकऱ्या झाल्या, माझे चाक झाले नाही. मग ती तशीच येऊन बसली. विणकराची मुलगी, मागावरचा कुठला धागा सैल आणि कुठला ताठ, हे तिच्या बोटाला कळते. तिने सायकल उलटी केली, चौकटीला खडू टेकवला आणि चाक फिरवले. रिमला खडू लागला तिथल्या तारा एकेक करून बोटाने छेडल्या, त्या बाजूच्या पाव फेरा सैल केल्या, समोरच्या पाव फेरा आवळल्या. पुन्हा फिरवले, पुन्हा तेच. भाकऱ्या गार व्हायच्या आत खडू सगळीकडे सारखा लागू लागला.

धोंडीराम दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मिस्त्री, लय भारी. दूध हिंदकळत नाय आता." मी मिशीवरून हात फिरवला. रेहाना पडद्यामागे उभी होती. तेव्हापासून रहेमान मिस्त्रीच्या हातची म्हणून जी चाके नाशकात नावाजली गेली, ती सगळी आतल्या खोलीत रेहानाने सरळ केली. मी तिला एकदाही शाबास म्हणालो नाही. त्याची मला लाज वाटते.

यादवराव म्हणतात, "मिस्त्री, हे मृत्युपत्रात लागत नाही." लागते. लिहा.

५. मागच्या रमजान ईदेला नजीरच्या सायकलचे पुढचे चाक खडीवर आपटून वाकडे झाले होते. ते सरळ होऊन बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, असा हात पुऱ्या लाइनीत नाही." वर्षभर तो त्याच चाकावर ड्युटीला जातो आहे. तेव्हा नजीरला पडवीबद्दल तक्रार असेल तर त्याने कोर्टात जरूर जावे, पण पायी जावे. ज्या हाताचा हक्क मान्य नाही, त्या हातच्या चाकावर बसून जाऊ नये.

६. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाखाली रेहानाचे नाव घालावे, अक्षरे माझ्या नावाएवढीच. भंगारातून अमिनासाठी एक लहान सायकल जुळवावी आणि तिची चाके तिलाच सरळ करायला शिकवावे.

७. सकाळच्या पॅसेंजरने नजीर सायकल घेऊन आला आहे. वरील मजकूर त्याला आणि साक्षीदारांना वाचून दाखवला. नजीर उठला, आपली सायकल पडवीत आणून उलटी केली आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "भाभी, पुढचं चाक पुन्हा डावीकडे मारतंय. बघता का जरा?"

रेहाना बाहेर येऊन बसली. रस्त्याचे दार सताड उघडे होते आणि ते कोणी लावले नाही. तिने चावी मागितली, मी दिली. "शाबास" म्हणालो. तिने अजून चाकाला हात लावला नव्हता, पण माझी चार वर्षांची बाकी होती.

सही: रहेमान वल्द हुसेन शेख. अक्षर वाकडे आले आहे, सही माझीच आहे.

साक्षीदार:

१. गोरक्ष कारभारी शिंपी, राहणार काझीपुरा. सही.

२. धोंडीराम पुंजाराम पिंगळे, गवळी, राहणार मखमलाबाद. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. यांनी आग्रहाने लिहायला लावले: "समदं ऐकलं. पन चाक कुनाच्या हातचं, ते मला पहिल्या दिसापासून ठावं हाय. तारांना भाकरीचं पीठ लागलेलं व्हतं. मिस्त्रीला वाईट वाटंल म्हनून बोललो नाय."

मुक्काम नाशिक, तारीख १४ नोव्हेंबर १९३६.