काळ्या कागदावरची गोल छिद्रे

१८ मार्च १९९७, मंगळवार
शेजारच्या महिपतीने आमची कवठी मारली! बांधाला लागून शेततळे खोदताना त्याच्या बुलडोझरने तिची अर्धी मुळे तोडली. पंधरवड्यात पाने झडली. आज फांदी मोडून पाहिली. आत ओलावा नाही. आमच्या लग्नानंतर मुक्ताबाईने स्वतः बी पेरून वाढवलेले झाड. ती गेल्यावर या शेतात तिच्या हातचे तेवढेच उरले होते.

जाब विचारला. म्हणाला, "झाडच हाय की, गुरुजी. दुसरं लावा. कलमी आंबा देतो आनून!" सोबतचे हसले. आणि हा एके काळी माझ्या वर्गात बसत असे.

याचा वचपा काढीन.

२० मार्च, गुरुवार
तळ्यात अंथरण्यासाठी त्याने बारामतीहून काळा प्लास्टिकचा कागद आणला आहे. मऊ, सायीसारखा. कालव्याला पाणी सुटले की तळे भरायचे आणि त्यावर उन्हाळी कलिंगडे काढायची, असा बेत. सारा बेत त्या कागदावर उभा आहे. म्हणजे घाव कुठे घालायचा, ते ठरले.

टाकून दिलेला एक तुकडा घरी आणला.

२३ मार्च, रविवार
जमत नाही. ब्लेडने कापले तर चीर पुढे धावते. कागद उभा फाटेल आणि गाव घातपात ओळखेल. तापवलेल्या सुईने कड वितळते, छिद्र मिटते. खिळ्याने तर लक्तरेच! असले काम मी चौथीच्या मुलाकडूनही स्वीकारले नसते.

छिद्र गोल हवे. गोल छिद्राची कड फाटत नाही. पाणी निमूटपणे झिरपत राहते.

२६ मार्च, बुधवार
साधले! जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलची पोकळ नळी तोडली आणि तिचे तोंड कानशीने बाहेरून घासून पातळ केले. कागदाखाली मऊ लाकडाची फळी ठेवावी, नळी ओल्या साबणावर टेकवावी, मग ती सरळ उभी धरून दाबत फिरवावी. ठोकू नये. ठोकले की कागद ताणला जातो आणि छिद्र लंबगोल होते. काम सकाळच्या गारव्यातच करावे. उन्हाने कागद सैल पडतो.

नळीतून मुगाएवढी काळी टिकली बाहेर पडली. कड बोटाला जाणवतही नाही. फार दिवसांनी मनासारखे काम झाले.

३० मार्च, रविवार
महिपतीचे सगळे घर लग्नासाठी वडगाव निंबाळकरला गेले. कागद खड्ड्याशेजारी घडी घालून ठेवलेला होता. वरची घडी आमच्या बांधाकडच्या उतारावर येणार, हे मजुरांच्या बोलण्यातून कळले होतेच. तिच्यात फळी सारली.

एकही छिद्र वाकडे नाही.

१४ एप्रिल, सोमवार
तळे भरले. नारळ फोडला, पेढे वाटले. मलाही दिला. खाल्ला!

२२ एप्रिल, मंगळवार
पाणी हातभर उतरले. "ऊन लई हाय, गुरुजी. उडून जातंय पानी," महिपती म्हणाला.
"बाष्पीभवन," मी म्हणालो.

९ मे, शुक्रवार
तळे निम्मे झाले. कलिंगडांचे वेल माना टाकू लागले. महिपती काठावर उकिडवा बसून राहतो. मी ओट्यावरून पाहतो. चहा गोड लागतो! मुक्ताबाई असती तर म्हणाली असती, "पुरे करा आता." ती नाही. तिची कवठीही नाही.

१६ मे, शुक्रवार
उतार उघडा पडला आणि छिद्रे सापडली. मीही पाहायला गेलो. न जाणे संशयास्पद दिसले असते. गडी म्हणाला, "उंदरानं कुरतडलंय."

महिपतीची आई साखरबाई वाकली, छिद्रावरून बोट फिरवले आणि खदखदून हसली. "आन् उंदराला कंपासपेटी कुनी दिली रं?"

सगळे हसले. महिपती हसला नाही. "गुरुजी, शाळंत माझं वर्तुळ वाकडं आलं की तुमी पाटी पुसाया लावायचा. ध्यानात हाय?"
"आहे. तरी ते कधी नीट आले नाही."
"व्हय. मला न्हाय जमलं कधी." मग हळूच म्हणाला, "समदी बुजवतो उद्या. पुन्यांदा असलं गोल भोक दिसलं, तर फौजदाराकडं जाईन. मग गुरुजी-बिरुजी न्हाय बघनार."

१७ मे, शनिवार
ठिगळे लावली. तीही वाकडी.

२० मे, मंगळवार
कवठीला पालवी! खोडाच्या तळाशी, तळ्याच्या अंगाला. तांबूस, नखाएवढी. बोट लावण्याचे धैर्य झाले नाही. शेजारची माती उकरली — ओली! माझी विहीर मार्चपासून तळाला आहे. हे पाणी कुठून आले, ते मला नेमके ठाऊक आहे.

२८ मे, बुधवार
माती कोरडी पडली. पालवी वळते आहे. रोज घागर ओततो. वरची ढेकळेच ती पिऊन टाकतात, खाली मुळांपर्यंत काही पोहोचत नाही. महिपतीकडे पाणी मागू? प्राण गेला तरी नाही.

३० मे, शुक्रवार
महिपती उद्या इंदापूरच्या बाजाराला जाणार. परवा कालव्याचे पाणी येणार. एरियलची नळी पेटीत ठेवून कुलूप लावले आणि गंजका खिळा काढला. या खेपेस भोके उंदराने पाडल्यासारखीच दिसली पाहिजेत. तुकड्यावर सराव केला. पहिली तीन पुन्हा गोलच आली.

चौथे चांगले फाटले.